कागद जुना, टाइपरायटर जुना, पत्र मात्र बनावट

जुन्या अमेरिकन लेखकांची पत्रं ऑनलाइन लिलावातून घेणाऱ्यांनी ली इझ्राएलचं प्रकरण नीट माहीत करून घ्यावं. न्यूयॉर्कची ही चरित्रलेखिका. पुस्तकं चालेनाशी झाली तेव्हा, १९९० च्या सुमारास, तिनं डोरोथी पार्कर, एडना फर्बर या अमेरिकन लेखिका, शिवाय इंग्लंडचे नाटककार नोएल कॉवर्ड अशांच्या नावानं जवळपास ४०० पत्रं स्वतःच रचली आणि ऑटोग्राफच्या व्यापाऱ्यांच्या गळ्यात मारली. फसलेले हे व्यापारी धंद्यात मुरलेले होते, हे विसरू नका.

तिनं जुने टाइपरायटर मिळवले. कागद लायब्ररीतल्या जुन्या नियतकालिकांची मागची कोरी पानं फाडून आणला. खरी सही खाली ठेवून, टीव्हीच्या पडद्याचा उजेड मागून घेऊन, वरच्या कागदावर गिरवली. त्यामुळे अल्ट्राव्हायोलेट टॉर्चची परीक्षा इथं लंगडी पडते. साधारण १९५० नंतरच्या बऱ्याच कागदांत शुभ्रतेसाठी घातलेली रसायनं त्या प्रकाशात निळसर चमकतात आणि अडाणी नकलाकार तिथंच सापडतो. पण कागदच त्या काळातला असेल तर टॉर्च काय सांगणार?

सही मात्र भिंगाखाली बघाच. भरभर केलेल्या सहीत रेघ सुरुवातीला आणि शेवटी निमुळती होते, मध्ये जाड-बारीक होते. गिरवलेल्या सहीत रेघ सगळीकडे सारखी, टोकं बोथट, आणि भलत्याच जागी पेन थांबल्याचे ठिपके दिसतात. दोन सह्या एकमेकींवर तंतोतंत बसल्या तर त्यांतली निदान एक नक्की नक्कल, कारण माणूस दोनदा हुबेहूब सही करत नाही.

मजकूर फार चटकदार असेल तर जास्तच सावध व्हा. कॉवर्डच्या बनावट पत्रांत समलिंगी संबंधांबद्दल इतकं उघड लिहिलं होतं की त्यांना ओळखणाऱ्यालाच शंका आली. ज्या काळी त्यासाठी तुरुंग होता, त्या काळी ते असं कागदावर कशाला उतरवतील? तरीही तिची दोन पत्रं २००७ मध्ये कॉवर्ड यांच्या छापील पत्रसंग्रहात शिरलीच. म्हणून ‘संग्रहात छापलंय’ हा पुरावा धरू नका. किंमतही तिनं बेतानं ठेवली होती, पत्रामागे ५० ते १०० डॉलर. एवढ्या रकमेसाठी कोण खोलात जातो?

पुढे तिनं आणखी वाईट केलं. लायब्ररींच्या संग्रहातली खरी पत्रं चोरून जागेवर नक्कल ठेवली आणि खरं पत्र साथीदारामार्फत विकलं. एका व्यापाऱ्यानं घेतलेलं हेमिंग्वेचं पत्र कोलंबिया विद्यापीठाच्या संग्रहात असायला हवं होतं. तपासलं तर तिथं नक्कल, आणि तो फोल्डर पाहिल्याबद्दल रजिस्टरमध्ये तिची सही! शिक्षा झाली ती ६ महिने नजरकैद आणि ५ वर्षं प्रोबेशन, म्हणजे तुरुंगाबाहेर पण देखरेखीखाली.

तेव्हा पैसे देण्याआधी पत्र ज्याला लिहिलं त्याच्यापासून विक्रेत्यापर्यंत कसं आलं ते लेखी मागा. ‘जुन्या घरात सापडलं’ हे उत्तर नव्हे, आणि विक्रेत्यानं स्वतःच छापलेल्या सर्टिफिकेटला कवडीची किंमत नाही. मग आर्काइव्हग्रिडवर (लायब्ररींतल्या जुन्या कागदपत्रांच्या संग्रहांची माहिती शोधायची वेबसाइट) पत्र लिहिणाऱ्याचं आणि विशेषतः मिळालेल्याचं नाव शोधा: धाडलेलं मूळ पत्र सहसा मिळालेल्याच्या कागदांत असतं, लिहिणाऱ्याकडे राहते कार्बन प्रत. यादीत बॉक्स आणि फोल्डर क्रमांक सापडला तर तारीख, पहिली ओळ आणि फोटो त्या लायब्ररीला ईमेल करा. पत्राच्या कोपऱ्यात पेन्सिलची खोडलेली खूण, कापलेली कड किंवा घासलेला शिक्का दिसला तर लायब्ररीची खूण पुसलेली असू शकते, तेव्हा ईमेल करणं टाळूच नका.

पत्र खरं पण चोरीचं निघालं तरी अमेरिकेत ते तुमचं राहत नाही. चोराकडून आलेल्या मालावर घेणाऱ्याची मालकी लागत नाही, मग त्यानं कितीही निष्पापपणे घेतलेलं असो. पत्र परत करावं लागतं, आणि पैशांसाठी विक्रेत्याच्या मागे धावावं लागतं. म्हणून पावतीवर लेखकाचं नाव, पत्राची तारीख आणि ‘बनावट किंवा चोरीचं ठरल्यास कधीही पूर्ण रक्कम परत’ असं वाक्य आधीच लिहून घ्या. ते लिहायला जो नाही म्हणेल त्याच्याकडून घेऊ नका.