रॉझवेलला गाडी आणायची: उघडा ट्रेलर, बंद ट्रेलर की स्वतः चालवत?

न्यू जर्सी किंवा कॅलिफोर्निया सोडून अटलांटाच्या उत्तर उपनगरांत येणाऱ्या मराठी मंडळींचं घर, शाळा, देसी किराण्याचं दुकान हे सगळं आधी ठरतं. गाडीचा विषय निघतो अगदी शेवटच्या आठवड्यात. मग गाड्या वाहून नेणाऱ्या कंपन्यांना भराभर फोन होतात आणि सगळ्यात कमी आकडा सांगणाऱ्याला होकार जातो. जॉर्जियातल्या रॉझवेलच्या जुन्या भागात घर घेतलं असेल, तर एवढी घाई करू नका. इथे भाड्याइतकंच महत्त्व आहे ते गाडी नेमकी कुठे उतरणार याला.

हे गाव कापसाच्या गिरणीभोवती वसलं. रॉझवेल किंगच्या घराण्याची गिरणी कंपनी १८३९ची, बुलक हॉलही त्याच सुमाराचा. पुढे अमेरिकेचा अध्यक्ष झालेल्या थिओडोर रूझवेल्टच्या आईचं लग्न १८५३ साली याच वाड्यात झालं. अमेरिकी यादवी युद्धात, जुलै १८६४मध्ये, उत्तरेच्या सैन्याने गिरण्या जाळल्या, पण मोठी घरं बरीचशी वाचली. त्यामुळे मिमोसा बुलेव्हार्ड आणि कँटन स्ट्रीटच्या आसपास अजून घोडागाडीच्या काळातली आखणी आणि रस्त्यावर वाकलेली जुनी झाडं आहेत. गाड्या वाहणारा मोठा ट्रेलर ८० फुटांपर्यंत लांब असतो आणि वरच्या मजल्यावरच्या गाड्या धरून त्याची उंची साडेतेरा फुटांच्या आसपास जाते. असा ट्रेलर त्या गल्लीत शिरला तर वळायचा कुठे? म्हणून ‘डोअर-टू-डोअर’ असं लिहून दिलं असलं तरी ड्रायव्हर तुम्हाला होलकोंब ब्रिज रोड किंवा मॅन्सेल रोडकडच्या एखाद्या मोठ्या पार्किंगमध्ये बोलावणार. यात फसवणूक काहीच नाही. फक्त कोणत्या पार्किंगमध्ये आणि साधारण किती वाजता, हे आधी ठरवून घ्या.

टर्मिनलचा पर्याय मी यादीतून काढूनच टाकतो. ठरलेल्या यार्डात गाडी सोडायची आणि दुसऱ्या यार्डातून आणायची, हे कागदावर स्वस्त दिसतं. पण अटलांटात अशी यार्डं आणि लिलावाची मैदानं बरीचशी दक्षिणेला, विमानतळाच्या बाजूला. रॉझवेलहून अख्खं शहर ओलांडून जायचं, वर यार्डाचं दिवसाचं भाडं. वाचलेले पैसे तिथेच संपतात.

आता उघडा की बंद. तुमची गाडी कॅमरी, सीआरव्ही, ओडिसी यांपैकी असेल तर उघडा ट्रेलर, पुढे विचारच नको. कारखान्यातून नव्या गाड्याही अशाच जातात. बंद ट्रेलरचं भाडं सहसा दीडपट किंवा त्याहून जास्त पडतं, तो कमी गाड्या नेतो आणि मिळायलाही वेळ लागतो. जुनी जपलेली गाडी, फार महाग रंगकाम किंवा जमिनीला टेकेल इतकी बुटकी स्पोर्ट्स कार असेल तरच तो घ्यावा. नव्या टेस्लासाठी बंद ट्रेलरचा हट्ट धरणारे मी पाहिलेत. हौसेला मोल नाही, एवढंच म्हणेन.

उघड्या ट्रेलरची एक अडचण मात्र खास इथली. मार्चअखेर ते एप्रिल या काळात पाइनचे पिवळे परागकण सगळ्या अटलांटावर बसतात. त्या दिवसांत गाडी उतरली तर पिवळ्या थराखाली ओरखडा दिसत नाही. पाण्याचे दोन कॅन आणि मऊ फडकं घेऊन जा. ड्रायव्हर घाई करेल, करू द्या. गाडी पुसून, चारही बाजूंनी फोटो काढून, जे नुकसान दिसेल ते बिल ऑफ लेडिंगवर, म्हणजे गाडी ताब्यात देता-घेतानाच्या कागदावर, लिहिल्याशिवाय सही करायची नाही. दावा करायला वाहतूकदाराला किमान ९ महिन्यांची मुदत द्यावीच लागते, पण कागदावर नोंद नसेल तर ती मुदत असून नसल्यासारखी.

ब्रोकर की थेट ट्रकवाला? फोनवर गोड बोलणारे बहुतेक जण ब्रोकर असतात, त्यांच्याकडे एकही ट्रक नसतो. ते तुमची गाडी सेंट्रल डिस्पॅचसारख्या लोड बोर्डवर, म्हणजे न्यायच्या गाड्यांच्या ऑनलाइन यादीत, टाकतात आणि ट्रकवाले परवडेल ते उचलतात. इतरांपेक्षा दोनशे डॉलरने कमी सांगितलेली गाडी तिथे पडून राहते, मग तीन दिवसांनी “थोडे वाढवा” असा फोन येतो. तरीही माझं मत ब्रोकरकडेच झुकतं, कारण एकटा ट्रकवाला तुमच्या तारखेला तुमच्या मार्गावर असेलच असं नाही. ब्रोकरला ७५,००० डॉलरचा बाँड, म्हणजे हमी, ठेवावा लागतो, पण तो गाडीच्या नुकसानीसाठी नसतो. नुकसानीसाठी लागतो तो ट्रकवाल्याचा कार्गो विमा आणि कार वाहणाऱ्यांना तो केंद्रीय नियमाने सक्तीचा नाही. म्हणून ट्रक ठरला की त्याचा यूएसडॉट नंबर (केंद्रीय परिवहन खात्याकडचा नोंदणी क्रमांक) आणि विम्याचं प्रमाणपत्र मागा. देत नसेल तर दुसरा बघा. डिकीत भरलेली भांडी आणि पुस्तकं सहसा या विम्यात येत नाहीत, हेही लक्षात असू द्या.

स्वतः चालवत आणायचं गणित मार्गावर ठरतं. न्यू जर्सीतलं एडिसन ते रॉझवेल सुमारे ८५० मैल. कामासाठी स्वतःची गाडी चालवण्याच्या खर्चाचा अमेरिकी आयकर खात्याचा २०२५चा दर, मैलाला ७० सेंट, धरला तर ५९५ डॉलर होतात, वर एका रात्रीचं हॉटेल. चालवणारे दोघे असतील तर न्यू जर्सीहून मी सरळ चालवत येईन. दुसरी गाडी असेल तर तेवढी ट्रेलरवर. लहान मूल सोबत असेल किंवा जानेवारीत व्हर्जिनियात बर्फाचा अंदाज असेल तर बेत बदला. व्हर्जिनियातल्या लॉर्टनहून सुटणारी, प्रवाशांसोबत त्यांच्या गाड्याही नेणारी अ‍ॅमट्रॅकची ऑटो ट्रेन अनेकांना आठवते, पण ती थेट फ्लोरिडात सॅनफर्डला उतरवते, तिथून पुन्हा उत्तरेला यावं लागतं. कॅलिफोर्नियाहून मात्र ट्रेलरच. आठवडा-दहा दिवस धरा आणि तेवढ्या दिवसांच्या भाड्याच्या गाडीचा खर्च कोटमध्ये स्वतःच मिळवा.

ऑक्टोबरनंतर थंडीला कंटाळलेले ज्येष्ठ गाड्या फ्लोरिडाकडे पाठवू लागले की दक्षिणेकडचे ट्रेलर भरतात आणि भाव चढतो. तारीख हातात असेल तर सप्टेंबरमध्येच उरका.

जॉर्जियात राहायला आल्यापासून ३० दिवसांत गाडीची नोंदणी करायची. नव्या रहिवाशाला वाहनावरचा टायटल कर (मालकीच्या नोंदणीवरचा कर) ३ टक्के लागतो आणि रॉझवेल फुल्टन काउंटीत असल्यामुळे, फार नवी गाडी नसेल तर, आधी उत्सर्जन तपासणी. तिची फी जास्तीत जास्त २५ डॉलर.