पांढऱ्या रंगाखालची लाल टाकी : मिस्ट कूलंटच्या नावाखाली झालेली माझी फसवणूक

भोसरीत माझं छोटं जॉबवर्कचं शॉप आहे. एक एमवनटीआर मॉडेलचं मिलिंग मशीन, एक लेथ, एक ड्रिल. गेल्या वर्षी ॲल्युमिनियमच्या प्लेटांचं काम मिळालं, प्रत्येक प्लेटमध्ये 22 मिलीमीटर खोल पॉकेट, म्हणजे कोरलेला खड्डा. ॲल्युमिनियम कोरडं कापलं की चिप, म्हणजे कापलेला कीस, कटरच्या फ्लूटमध्ये (खाचेत) चिकटून बसते आणि कार्बाइड एंडमिल, म्हणजे तो कटरच, कधी मोडेल याचा नेम राहत नाही. दोन दिवसांत 10 एमएमचे तीन एंडमिल गेले. कटर थंड ठेवणारं पाणी-तेलाचं कूलंट धो धो सोडावं तर मशीनला ना ट्रे, ना आडोसा. म्हणून मिस्ट कूलंट लावायचं ठरवलं. कॉम्प्रेसरच्या हवेबरोबर थोडंसं कूलंट नोझलमधून थेट कटरवर मारायचं, एवढंच ते काम. सुटे भाग आणून स्वतः बनवणारच होतो, पण डिलिव्हरी तोंडावर आली होती.

त्याच आठवड्यात मोबाईलवर एक व्हिडिओ दिसला. तयार किट, स्टीलची प्रेशर टाकी, सोलेनॉइड (विजेवर उघडझाप होणारा व्हॉल्व्ह), नोझल; आणि कटरभोवती दाट पांढरं धुकं. मी त्या धुक्यालाच भुललो. फोन केला, तर समोरचा माणूस अतिशय अदबीनं बोलला. ‘साहेब, टाकी 15 किलो दाबाला टेस्ट केलेली आहे, तुम्ही फक्त हवा जोडा.’ 10,000 अधिक जीएसटी, मिळून 11,800 रुपये मी यूपीआयनं आगाऊ पाठवले. पैसे एका व्यक्तीच्या नावावर गेले, फर्मच्या नाही. तिथंच थांबायला हवं होतं.

खोकं सहाव्या दिवशी आलं. पुतण्यानं टाकी उचलून हलवली आणि म्हणाला, ‘काका, आत काहीतरी खुळखुळतंय.’ पत्र्याचे पापुद्रे सुटल्यावर येतो तसा आवाज. मी पॉलिश पेपर घेऊन बुडाजवळ घासलं. पांढऱ्या रंगाखाली लाल रंग निघाला. अजून घासलं तर इंग्रजी ‘ए’ आणि ‘बी’ ही अक्षरं दिसायला लागली. आग विझवायचा जुना एबीसी पावडरचा सिलिंडर होता तो. बुडाला भोक पाडून नळी जोडायची पाव इंची निपल वेल्ड केली होती आणि वरून रंग फासला होता.

त्या माणसाला फोन केला, तर म्हणे, ‘साहेब, ते सिलिंडर 15 किलोचेच असतात.’ नवा असताना असेलही. पण आतून गंजलेल्या, मुदत संपलेल्या आणि कुणीतरी भोक पाडून वेल्ड मारलेल्या सिलिंडरला त्या आकड्याचा काय आधार?

शेजारी फॅब्रिकेशनवाले अण्णा आहेत. त्यांनी बजावलं, ‘हवा अजिबात भरू नका. पाण्यानं बघू.’ पाणी फारसं दाबलं जात नाही, त्यामुळे टाकी फुटली तरी दाब लगेच उतरतो. दाबलेली हवा मात्र पत्र्याचे तुकडे उडवते. टाकी पाण्यानं काठोकाठ भरली, प्लंबर वापरतात तो हातपंप जोडला. 7 किलोपर्यंत काही नाही. 9 ला वेल्डच्या कडेनं दोऱ्याएवढी बारीक धार सुटली. अण्णांनी अजून एक दांडा मारला आणि वेल्ड पेराएवढी उकलली. माझा कॉम्प्रेसर 8 किलोला कट होतो. पुतण्या रोज त्या टाकीपासून हातभर अंतरावर उभा राहिला असता. 11,800 रुपयांचं दुःख मला त्या क्षणी राहिलं नाही, नुसते हात थरथरत होते.

बाकीचा मालही तसाच. ‘न्यूमॅटिक सोलेनॉइड’ म्हणून दिलेला व्हॉल्व्ह घरच्या आरओ फिल्टरमधला, 24 व्होल्टचा, प्लॅस्टिकचा. त्याला हवा दिली तर बंद असतानाही गळत होता. बिल नीट पाहिलं तेव्हा पत्ता महाराष्ट्राचा आणि जीएसटी नंबर 24 नं सुरू होणारा. 24 गुजरातचा कोड, आपला 27. जीएसटीच्या पोर्टलवर नंबर टाकला तर नोंदणी रद्द दाखवत होती. पैसे पाठवण्याआधी जीएसटी नंबर मागितला असता, तर दोन मिनिटांत कळलं असतं.

त्यानंतर माझा नंबर ब्लॉक झाला. ऑनलाइन फसवणुकीसाठीच्या 1930 या हेल्पलाइनवर तक्रार केली, पण नवव्या दिवशी. तोवर खात्यातून पैसे पुढे गेले होते. हा फोन पहिल्या तासाभरातच करायचा असतो. आणि ‘धंद्यासाठी घेतलं म्हणजे ग्राहक आयोगात जाता येत नाही’ असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी स्वतः वापरायला घेतलेल्या वस्तूला सूट आहे. माझी अडचण वेगळीच आहे, त्या माणसाचा खरा पत्ताच हातात नाही.

सगळ्यात जास्त हे लागलं की या कामाला प्रेशर टाकी लागतच नाही. हवेच्या नळीत 2 एमएमची तांब्याची नळी बसवायची, तिचं टोक नोझलच्या तोंडातून जरासं बाहेर ठेवायचं. हवा जोरात निघाली की टोकापाशी दाब कमी होतो आणि कूलंट साध्या, उघड्या कॅनमधून आपोआप वर ओढलं जातं. कूलंट कमी-जास्त करायला नीडल व्हॉल्व्ह, हवेचा दाब ठरवायला रेग्युलेटर, 6 एमएमची पीयू (प्लॅस्टिकची) नळी, शेवटी उलटा प्रवाह अडवणारा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह. अडीच हजारांत झालं. 3 किलो हवेवर चालतं, सोल्युबल ऑइल (पाण्यात मिसळणारं कूलंटचं तेल) 20 भाग पाण्यात एक भाग. पॉकेट स्वच्छ निघतात.

आणि त्या व्हिडिओतलं धुकं? ती मुळातच चूक आहे. थेंब कटरवर पडायला हवेत, हवेत तरंगायला नकोत. तरंगणारं सगळं ऑपरेटरच्या छातीत जातं. कामगारांच्या आरोग्यासाठी काम करणाऱ्या अमेरिकेतल्या एनआयओएसएच या संस्थेनं 1998 मध्ये अशा कूलंटच्या तुषारांसाठी घनमीटरला 0.5 मिलिग्रॅमची मर्यादा सुचवली आहे. मी आता धुकं दिसलं की हवा कमी करतो.

टाकी भंगारवाल्यानं किलोवर मागितली होती. अख्खी दिली नाही. पुन्हा रंगवून ती दुसऱ्या कुणाच्या शॉपमध्ये गेली असती. कटऑफ मशीनवर मधोमध कापली. आत गंजाचे पापुद्रे आणि बुडाशी पिवळट पावडरचा दगडासारखा घट्ट थर होता. दोन्ही अर्धे शॉपच्या दारात ठेवलेत, किट घ्यायचा विचार करणारा जो येतो त्याला ते हातात देतो.