नव्या सृष्टीची वचनं: दहा महिने रोज वाचल्यानंतरचा अनुभव

गेल्या नोव्हेंबरपासून मी आणि आई पहाटे चहाआधी बायबलमधले तेच चार उतारे आळीपाळीने वाचतोय: यशया ६५ मधली १७ ते २५ ही वचनं, रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायातला सृष्टी कण्हते तो भाग, २ करिंथ ५:१७, आणि प्रकटीकरण २१ व २२ ची सुरुवात. आता सप्टेंबर आहे. दहा महिने एकच गोष्ट रोज वापरली की तिची खरी पारख होते, म्हणून लिहितोय.

वडील, म्हणजे आमचे दादा, गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये गेले. मातीच्या दिवशी आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांनी प्रकटीकरण २१ वाचलं, देव डोळ्यांचे सर्व अश्रू पुसून टाकील ते. लहानपणापासून मी हे फक्त कबरस्तानातच ऐकलं होतं, त्यामुळे हे मेलेल्यांसाठीचं वचन आहे असंच डोक्यात बसलं होतं. मग नोव्हेंबर आला. दादांनी २००९ साली लावलेली आमची दोन एकर थॉमसन द्राक्षांची बाग ऐन फुलोऱ्यात होती आणि तीन रात्री सलग पाऊस झाला. सकाळी घडांना हात लावला की फुलं हातात येत होती. आई म्हणाली, "मातीला वाचलं ते ऐकलं रे. आता बागेचं काही असेल तर वाच." मला यशया आठवला. लोक घरं बांधतील आणि त्यांत राहतील, द्राक्षमळे लावतील आणि त्यांचं फळ खातील; एकाने लावावं आणि दुसऱ्याने खावं असं व्हायचं नाही. आईने ते दोनदा वाचायला लावलं.

आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, म्हणून मोठ्या टाइपातलं पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, घेतलं. त्याबद्दलही सांगतो. अक्षर झकास आहे, पण वजन इतकं की आईला मांडीवर उशी घ्यावी लागते. बांधणी चार महिन्यांत यशयाच्या पानांशीच सैल झाली; मी कापडाची पट्टी चिकटवून घेतली. मोबाइलवरही वाचून पाहिलं, पण आईला बोट ठेवून वाचायचं असतं.

पहिले तीन महिने नुसती ओढ होती. खरी कसोटी मार्चमध्ये लागली. पावसातून वाचलेला माल एका व्यापाऱ्याला दिला. पहिल्या गाडीचे पैसे रोख मिळाले, पुढच्या दोन गाड्या भरून गेल्या आणि फोन बंद झाला. दुसऱ्या दिवशी पहाटे यशया ६५ ची पाळी होती. मला ते वाचवेना. दादांनी लावलं, आम्ही राबलो, खाल्लं भलत्यानेच. मग हे वचन कुणासाठी?

आठ दिवस आम्ही फक्त रोमकरांसचाच भाग वाचला. सगळी सृष्टी कण्हतेय, प्रसूतीच्या वेदना भोगतेय, असं हे पत्र लिहिणारा प्रेषित पौल म्हणतो. मी 'कण्हणे' या शब्दावर अडकून होतो. आई, चार बाळंतपणं काढलेली, 'वेदना' या शब्दावर थांबली. म्हणाली, "कळा सुरू झाल्या म्हणजे बाई मरायला लागली असं कुणी म्हणतं का?" इतकी वर्षं मी हा अध्याय चर्चमधल्या संदेशांत ऐकतोय, पण तो उलगडला तिच्या या एका वाक्याने.

पाळकसाहेबांनी नंतर मला दोन ठिकाणं दाखवली. बायबलमधल्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकात, २८:३० मध्ये, शापच आहे: द्राक्षमळा लावशील, पण त्याचं फळ तुला मिळणार नाही. आणि २ राजे २५:१२. इसवी सनापूर्वी ५८६ च्या सुमारास बाबेलच्या, म्हणजे बॅबिलोनच्या, सैन्याने यरुशलेम पाडलं, लोकांना धरून नेलं आणि द्राक्षमळे सांभाळायला देशातले सगळ्यांत गरीब लोक तेवढे मागे ठेवले. म्हणजे यशयातलं वचन ज्या लोकांच्या कानावर पडलं, त्यांच्या आठवणीत लुटलेले मळे होते. जुना शाप एकेक शब्द उलटवून ते दिलेलं आहे. हे कळल्यावर मला ते पुन्हा वाचता आलं, आणि त्या दिवशी झालेला आनंद मला अजून आठवतो. सुपीक जमिनीत सुखाने बसलेल्या माणसाची ही कल्पना नव्हे. बुडालेल्या शेतकऱ्याला दिलेला हा देवाचा शब्द आहे.

आणखी एक गोष्ट मराठीत लख्ख दिसते. प्रकटीकरण २१:५ मध्ये "पाहा, मी सर्व गोष्टी नवीन करतो" असं आहे. 'सर्व नवीन गोष्टी करतो' असं नाही. जुनं फेकून नवं आणणं वेगळं आणि आहे तेच नवं करणं वेगळं. पुनरुत्थित येशूच्या हातांवर खिळ्यांचे व्रण तसेच होते, त्याच्या थोमा या शिष्याने ते पाहिले. म्हणून दादांची ही माती, ही बाग, त्यांचे खरबरीत हात, यांतलं काही देवाच्या हिशेबातून सुटणार नाही असा मला भरवसा वाटतो. काही विश्वासणारे म्हणतात, पृथ्वी शेवटी जळूनच जाणार, मग माती-पाण्याची काळजी कशाला? मला ते अजिबात पटत नाही. २ पेत्र ३ मध्ये अग्नी आहे खरा, पण तिथेच तेराव्या वचनात धार्मिकता वास करते अशा नव्या पृथ्वीची वाट पाहायला सांगितलंय.

अश्रू पुसण्याचं वचन वाचताना मला पंडिता रमाबाई हटकून आठवतात. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये बसून त्यांनी हिब्रू आणि ग्रीकवरून बायबल मराठीत आणलं. एकुलती एक मुलगी मनोरमा जुलै १९२१ मध्ये गेली. रमाबाई स्वतः ५ एप्रिल १९२२ ला गेल्या. मधल्या महिन्यांत त्या भाषांतराच्या शेवटच्या कामात होत्या. लेक गेलेल्या आईने ही वचनं पारखून मराठीत ठेवली, हे मनात आलं की मी सावकाश वाचतो.

या वाचनाने काय झालं नाही तेही लिहितो. पैसे परत आले नाहीत. ढग आले की छातीत अजून धडधडतं. दादांची खुर्ची रिकामी दिसली की आई आजही रडते, आणि मी तिला वचन ऐकवून गप्प करत नाही. तातडीचा दिलासा हवा असेल त्याने दोन दिवस वाचून सोडू नये. मला पाच महिने लागले.

माल निघाल्यावर एप्रिलमध्ये वेल खरडून छाटतो, ती खरड छाटणी; तिच्यानंतर पुढच्या हंगामाचा घड काडीवरच्या डोळ्यात, म्हणजे कळीत, आतल्या आत तयार होतो. बाहेरून नुसती पानं दिसतात. आम्ही त्या दिवसांत खतपाणी देतो, शेंडे खुडतो, सगळं न दिसणाऱ्या घडासाठी. जे दिसत नाही त्याची आपण धीराने वाट पाहतो, हे पौलाचं वाक्य यंदा जूनमध्ये शेंडे खुडताना मी चक्क मोठ्याने म्हटलं.

गेल्या आठवड्यात काड्या डोळे तपासणीला दिल्या होत्या. तपासणाऱ्या मुलाने सूक्ष्मदर्शकातून मला बघू दिलं. घड होता. घरी येऊन आईला सांगितलं, तर तिने विचारलं, "किती डोळ्यांवर छाटायची?" पाचव्या-सहाव्यावर, म्हटलं. ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात गोड्या छाटणी, म्हणजे फळ धरण्यासाठीची छाटणी, आहे. पहिली कात्री लावायच्या आधी बांधावर यशया ६५ आई वाचणार आहे. उशी मी घेऊन जाईन.