मींडेची गिटार: पंचवटीतलं फ्रेटबोर्डचं काम

रॉक-जॅझ वाजवणारे जॉन मॅक्लॉफ्लिन श्री चिन्मय यांचे शिष्य झाले, 'महाविष्णू' हे नाव मिळालं, आणि १९७५ च्या सुमारास झाकीर हुसेन व एल. शंकर यांच्याबरोबर 'शक्ती' या बँडमध्ये बसले. तेव्हाच्या त्यांच्या गिटारला सहा तारांखेरीज सात तरफा (वाजवलेल्या स्वराबरोबर आपोआप घुमणाऱ्या तारा) होत्या आणि फ्रेटबोर्ड (नेकवरची, म्हणजे गिटारच्या मानेवरची, बोटांखालची पट्टी) खोबणीदार होता.

ती खोबण आता पंचवटीतल्या एका छोट्या कारखान्यात करून मिळते. दोन फ्रेटांमधलं (फ्रेटबोर्डवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांमधलं) लाकूड गोल कानशीनं घासतात. बोट लाकडाला टेकत नाही, तार खाली दाबली की स्वर चढतो. गमक (स्वर हलवणं), कण (शेजारच्या स्वराचा निसटता स्पर्श) सोपे होतात. लांब मींडेला (एका स्वरावरून दुसऱ्यावर सलग घसरत जाण्याला) मात्र तार आडवीच ओढावी लागते.

हात सफाईदार आहे. फ्रेटांवर चिकटपट्टी लावून मगच कानस चालते, शेवटी बारीक पॉलिशपेपर. तरी एका नेकवर पाचव्या घराचा खुणेचा ठिपका अर्धा घासला गेला होता. खोली आधी ठरवून घ्या: जास्त खोल गेलं की जरा जोरात दाबताच स्वर बेसूर चढतो, आणि घासलेलं लाकूड परत येत नाही. पहिल्यांदा बाराव्या फ्रेटपासून पुढेच करून घ्यावं. तारा ०.०१० च्या (सर्वांत बारीक तारेची जाडी, इंचात), ०.००९ वर नवख्याचा सा हलतो.

तरफा बसवायचा आग्रह प्लायवूडच्या गिटारवर धरू नका. जादा ताणानं ब्रिज (तारा जिथे अडकवतात ती पट्टी) उचकटतो. कारागीर स्वतःच नाही म्हणतो, हे मला आवडलं. तारीख मात्र तो कधीच पाळत नाही.