रंगीत पत्र्याचं छप्पर: ऊन, पाऊस, थंडी पाहिल्यानंतरचा अनुभव

जुनी कौलं उतरवून आम्ही घरावर रंगीत गॅल्व्हल्यूम पत्रा, म्हणजे ॲल्युमिनियम-जस्ताचा लेप दिलेला पोलादी पत्रा, घातला. त्यावरून कडक ऊन, मुसळधार पाऊस आणि थंडी असं सगळं गेलंय, म्हणून आता लिहितोय. पत्र्यावर मी खूश आहे. तरीही छप्पर टिकतं ते कडा आणि सांधे नीट केले तर, हे माझं मत या काळात पक्कं झालं.

पत्राच का, तर वजनासाठी. भाजक्या मातीची कौलं चौरस मीटरला साधारण ४० ते ६० किलो भरतात, अर्धा मिलिमीटर जाडीचा पत्रा पाचेक किलो. आमचे वासे जुने आहेत, ते बदलायचे नव्हते. कौलं मला आजही आवडतात. एखादं फुटलं तर तेवढंच काढून दुसरं बसवता येतं. हलक्या छपराची खरी अडचण म्हणजे वारा. वारा छप्पर वर ओढतो आणि हा जोर कडांना, कोपऱ्यांना सगळ्यात जास्त असतो. म्हणून वळचण, आढं आणि बाजूच्या कडा इथे स्क्रू जवळजवळ मारून घेतले, वासेही लोखंडी पट्ट्यांनी भिंतीला बांधले. वादळात एकही पत्रा हलला नाही.

कोटेशन हातात आलं की आधी जाडी बघा. लिहिलेली जाडी नुसत्या पोलादाची की लेप आणि रंग धरून, हे लेखी घ्या. गॅल्व्हल्यूमचा लेप ५५ टक्के ॲल्युमिनियम, ४३.४ टक्के जस्त आणि १.६ टक्के सिलिकॉन असा असतो. कोटेशनमध्ये एझेड १५० लिहिलं असेल तर त्याचा अर्थ दोन्ही बाजू मिळून चौरस मीटरला १५० ग्रॅम लेप. क्षेत्रफळही उतारावरचं मोजायचं असतं. १२ फूट आडव्या अंतरात ४ फूट चढ असेल तर ते जमिनीवरच्या मापापेक्षा ५ टक्क्यांहून थोडं जास्त भरतं. १२ ला १२ चढ असेल तर तब्बल ४१ टक्के. भिंतीबाहेर येणारी वळचण त्यात वेगळी धरायची.

आमचं छप्पर दुपाखी, म्हणजे दोन उतारांचं आहे. चारही बाजूंना उतार असलेलं चौपाखी वाऱ्याला अधिक चांगलं तोंड देतं, पण उतार मिळतात त्या कोनरेषांवर पत्रे तिरके कापावे लागतात आणि बराच माल वाया जातो. पोर्चचं छोटं छप्पर मुख्य छपराला जिथे मिळतं तिथे आमच्याकडे एक व्हॅली आहे. दोन्ही उतारांचं पाणी तिथे एकवटतं, पालापाचोळाही तिथेच अडतो. नवीन घर बांधत असाल तर छपराचा आकार शक्य तितका साधा ठेवा, असं मी अगदी आग्रहाने सांगेन.

गळती मात्र व्हॅलीत झाली नाही, झाली ती भिंतीशी. पोर्चचा पत्रा भिंतीला टेकतो तिथलं फ्लॅशिंग, म्हणजे सांधा झाकणारी धातूची पट्टी, ठेकेदाराने प्लास्टरवर नुसतं सीलंटने चिकटवलं होतं. पहिल्याच मोठ्या पावसात आत ओल आली. नंतर भिंतीत खाच पाडून वरून दुसरी पट्टी आत घालून घेतली, तेव्हापासून ती भिंत कोरडी आहे. सीलंट उन्हाने तडकतोच. पाणी अडवायचं काम धातूच्या घडीने करायला हवं.

स्क्रूच्या रबरी वॉशरकडेही लक्ष ठेवा. स्क्रू जास्त आवळला की वॉशर चेपून बाहेर येतो, सैल राहिला तर पाणी शिरतं. पत्रा आकसतो-प्रसरतो तेही धरायला हवं: १० मीटर लांबीचा पत्रा ४० अंश तापला तर जवळपास ५ मिलिमीटर वाढतो. सकाळ-संध्याकाळ येणारा टक्‌टक्‌ आवाज त्याचाच. आणि भोकं पाडताना उडालेला लोखंडी कीस त्याच दिवशी झाडून घ्या, नाहीतर तो गंजून रंगावर डाग पडतात. कापायला ग्राइंडर वापरू देऊ नका, ठिणग्यांनी लेप जळतो.

उष्णता आणि आवाज यांचं उत्तर पत्र्याखाली आहे. आम्ही इन्सुलेशन घातलं, खाली सीलिंग केलं आणि आढ्याला हवा जायला वाट ठेवली. पावसाचा आवाज येतो, पण घरात बोलणं ऐकू येतं. थंडीत घरातली दमट हवा गार पत्र्याला लागून खालून पाणी धरते, त्यामुळे इन्सुलेशनच्या खोलीकडच्या बाजूचा बाष्परोधक थर सलग हवा. जोडांवर टेप लावून घ्या.

पन्हळ मोठी घेतली याचं समाधान आहे. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. १०० चौरस मीटर छपरावर ५० मिलिमीटर पडला तर ५,००० लिटर पन्हळीतून जायला हवं.

मला हा पत्रा बऱ्यापैकी उतार असलेल्या, वजन पेलायची ताकद कमी असलेल्या घरासाठी सगळ्यात योग्य वाटतो. उतार अगदी नावापुरता असेल तर स्क्रूने बसवायचा पत्रा घेऊ नका. तिथे उभ्या घडीचे, स्टँडिंग सीम पद्धतीचे पत्रे बघा, त्यांच्या पृष्ठभागावर स्क्रूची भोकंच नसतात.