मक्याचा ड्रायर, जळण बुरकुंडांचं: सहा महिन्यांनंतर

मका हडंब्यातून (मळणीयंत्रातून) निघाला की पाऊस येणार, हे आमच्या सिल्लोडकडे आता ठरल्यासारखंच झालंय. मागच्या खरिपात आम्ही सहा जणांनी मिळून वीस क्विंटलचा ड्रायर घेतला. डिझेल बर्नरचा स्वस्त पडत होता, तरी भट्टीचा घेतला. जळण घरचंच होतं ना, मक्याची बुरकुंडं, म्हणजे दाणे काढल्यावर उरलेली कणसं.

जळणाचा हिशेब चोख निघाला. ओलावा (आडतीवर त्याला ‘हवा’ म्हणतात) २२ टक्क्यांवरून १४ वर आणायचा तर वीस क्विंटलमधून १८६ किलो पाणी उडवावं लागतं. त्याला सव्वाशे किलोच्या आसपास बुरकुंडं जळतात. तेवढ्याच मक्यातून निघतात त्याच्या तिप्पट तरी. डिझेलवर याच घाण्याला (एका वेळच्या वीस क्विंटलला) तीसेक लिटर लागलं असतं. फक्त बुरकुंडं कोरडी हवीत. पहिल्या आठवड्यात आमची उघड्यावर भिजली आणि भट्टी नुसती धुमसत बसली. धूर दाण्याला लागत नाही, कारण तो नळ्यांतून जातो आणि नळ्यांभोवतीची तापलेली हवाच मक्यात शिरते. पण नळ्यांना काजळी धरली की हवा तापेनाशी होते. दर चार-पाच घाण्यांना ब्रश मारावा लागतो, हे विकणाऱ्याने सांगितलंच नव्हतं.

खरा त्रास लाइटीचा. वीज गेली की डिझेलचा बर्नर विझतो. भट्टीतला विस्तव कुणाचं ऐकतो? एका रात्री हवा मक्यात ढकलणारा पंखा बंद पडला, नळ्या लालबुंद झाल्या. लाइट आल्यावर पहिला झोत खालच्या थरावर असा बसला की दाणे तडकले. आडतीवर भाव पडला तो वेगळाच. आता रात्री भट्टीपाशी एक जण असतोच. लाइट गेली की हवेची झडप बंद करायची, विस्तव बाहेर ओढायचा. पंख्यासाठी शेवटी जनरेटर घेतला. तो डिझेलवर चालतो. हसा खुशाल.

घ्यायच्या आधी एक गणित मांडा. वीस क्विंटलचे अठरा क्विंटल चौदा किलो होतात. म्हणजे ओल्या मक्याला क्विंटलमागे २००० रुपये मिळत असतील तर वाळलेल्याला २२०५ मिळाले तरच बरोबरी, मजुरी वेगळी. हमीभाव २०२५-२६ च्या हंगामात २४०० होता, पण हमीभावाच्या खरेदी केंद्रावर ओलावा १४ टक्क्यांच्या वर चालत नाही. तिथे नंबर लागत असेल तर ड्रायर परवडतो. व्यापारी ओल्याला फारशी कात (कपात) लावत नसेल तर ओलाच विका.

ओलावा १७ टक्क्यांच्या आत आणि ऊन कडक असेल, तर आम्ही अजूनही ताडपत्रीच अंथरतो.