हयातीचा दाखला मोबाइलवर: ऑक्टोबरपासून वापरल्यानंतरचा अनुभव

आईचं वय 82. बाबा केंद्र सरकारच्या नोकरीत होते, त्यामुळे तिला फॅमिली पेन्शन मिळते. पेन्शन चालू राहायला माणूस हयात आहे असा दाखला दरवर्षी द्यावा लागतो. मागच्या ऑक्टोबरात तिचा हा हयातीचा दाखला मी पहिल्यांदाच मोबाइलवर, चेहरा दाखवून काढला. मग इंदूरच्या आमच्या लोकमान्य नगरातल्या ओळखीच्या बऱ्याच काका-काकूंचे दाखले माझ्याच फोनवरून निघाले. पुढच्या महिन्यांत कुणाची पेन्शन जमा झाली, कुणाची अडली, हेही पाहत आले. दाखला कसा काढायचा हे सांगणारे व्हिडिओ पुष्कळ आहेत. काढल्यावर पुढे काय होतं, ते फारसं कुणी सांगत नाही, म्हणून हे लिहितेय.

आधी चांगलं सांगते, कारण ते खरंच चांगलं आहे. ‘जीवन प्रमाण’, म्हणजे हा दाखला डिजिटल काढायची सरकारी सोय, नोव्हेंबर 2014 मध्ये सुरू झाली, पण तेव्हा बोटांचे ठसे किंवा डोळ्यांची बुबुळं लागायची. आयुष्यभर धुणंभांडी केलेल्या बायकांची बोटं इतकी झिजलेली असतात की यंत्रावर ठसा उमटत नाही. नोव्हेंबर 2021 मध्ये चेहऱ्याची सोय आली आणि हा अडसर गेला. आता साधा अँड्रॉइड फोन पुरतो. त्यात ‘आधार फेस आरडी’ आणि ‘जीवन प्रमाण’ ही दोन ॲप घ्यायची. ज्याच्या हातात फोन आहे त्यानं आधी स्वतःचा आधार नंबर आणि चेहरा देऊन नोंद करायची. मग त्याच फोनवरून इतरांचे दाखले निघतात. 80 वर्षांवरच्यांना 1 ऑक्टोबरपासून दाखला देता येतो, बाकीच्यांना नोव्हेंबरात. जिना उतरणं ज्यांना जमत नाही, त्यांचं हे काम पलंगावर बसल्या बसल्या होतं. याची किंमत ज्यांच्या घरात असं माणूस आहे त्यांनाच कळेल.

काढताना दोन गोष्टी सांभाळा. उजेड चेहऱ्यावर पडायला हवा, पाठीमागून नको. आणि ॲप डोळे मिचकावायला सांगतं, पण ती सूचना दिसते फोन धरणाऱ्याला, समोरच्याला नाही. ज्यांना ऐकू कमी येतं ते नुसते टक लावून बघत राहतात. मी हातानं खूण करायची हे आधीच ठरवून घेते.

फॉर्ममध्ये एक प्रश्न असतो, पुनर्विवाह केला आहे का, असा. मी आईला तो मोठ्यानं वाचून दाखवला. ती म्हणाली, “नाही म्हणून लिही.” फॅमिली पेन्शनच्या नियमांत हा प्रश्न लागतो, त्याबद्दल तक्रार नाही. पण फॉर्म भरून देणारे अनेक जण तो विचारतच नाहीत, परस्पर खूण करून पुढे जातात. हे त्या बाईचं स्वतःचं निवेदन आहे, तिच्या नावावर सरकारदरबारी राहणार आहे. दोन मिनिटं जास्त लागली तरी विचारायलाच हवं.

आता मुख्य मुद्दा. चेहरा जुळला की प्रमाण आयडीचा, म्हणजे त्या दाखल्याच्या नंबराचा, एसएमएस येतो आणि सगळे सुटकेचा श्वास सोडतात. पण एसएमएस आला म्हणजे दाखला मंजूर झाला असं नाही. तो पेन्शन देणाऱ्या बँकेकडे किंवा कार्यालयाकडे जातो. तिथे तो स्वीकारला जातो किंवा नाकारला जातो, आणि नाकारला तर नवा काढावा लागतो.

माझ्या मावशीचं हेच झालं. तिनं दाखला एका ऑनलाइन फॉर्म भरणाऱ्या दुकानातून काढला होता. तिथे पीपीओ नंबरातला, म्हणजे पेन्शन मंजुरीच्या आदेशावरच्या नंबरातला, एक आकडा चुकला. मोबाइल नंबर तिच्या मुलाचा जुना, बंद पडलेला. दाखला नाकारला गेला हे तिला कळलंच नाही. कळलं ते डिसेंबरची पेन्शन आली नाही तेव्हा. आम्ही बँकेच्या शाखेत गेलो. काउंटरवर उत्तर मिळालं, “सिस्टममध्ये दाखला दिसत नाही. ऑनलाइनच करा, कागद घेत नाही.” मावशी तिथेच उभी होती, हातात आधार कार्ड आणि पासबुक घेऊन.

यात काउंटरवरच्या मुलाला मी दुष्ट ठरवणार नाही. त्याच्या स्क्रीनवर नाही म्हणजे नाही, असंच त्याला शिकवलेलं असणार. पण कायदा असं म्हणत नाही. आधारवरच्या सप्टेंबर 2018 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाच्या बहुमतानं स्पष्ट म्हटलंय की सरकारी कर्मचाऱ्याची पेन्शन ही त्यानं कमावलेली, हक्काची आहे. सरकारी लाभांसाठी आधार मागायची मुभा देणारं आधार कायद्याचं कलम 7 दाखवून तिच्यासाठी आधारची सक्ती करता येत नाही. मार्च 2021 च्या अधिसूचनेनं तर खुद्द जीवन प्रमाणसाठी आधार पडताळणी ऐच्छिक केली. म्हणजे कागदी दाखल्याचा रस्ता बंद झालेला नाही. आम्ही कागदी फॉर्म भरून नेला आणि घेणार नसाल तर तसं लेखी द्या, एवढंच म्हटलं. व्यवस्थापकांनी फॉर्म घेतला, मावशीची सही समोर करवून घेतली. पेन्शन थकबाकीसह सुरू झाली. पण हे बोलायला सोबत कुणी नसतं तर?

मला सारखी आठवते ती शेजारच्या धार जिल्ह्यातली ‘ज्ञानदूत’ ही सरकारी योजना. जानेवारी 2000 मध्ये तिच्यात खेड्यांतून संगणकाची सूचनालयं, म्हणजे माहिती आणि अर्जांची केंद्रं, उघडली होती. त्याच वर्षी तिला स्टॉकहोम चॅलेंज पुरस्कारही मिळाला. बाजारभाव, जमिनीची नक्कल, तक्रार, सगळं तिथे होतं. तंत्र आजच्या मानानं अगदी तोकडं. पण प्रत्येक सूचनालयात ते चालवणारा गावातलाच एक सूचक बसायचा. अर्ज तोच पाठवायचा आणि उत्तरही त्याच्याकडेच यायचं, म्हणून गावकरी पुन्हा जाऊन त्याला विचारू शकत होता. आज अर्ज भरून देणारी दुकानं गल्लोगल्ली आहेत, पण उत्तराची जबाबदारी घेणारं तिथे कुणी नाही. यंत्रानं ‘हो’ म्हटलं तर काम झटपट व्हावं. यंत्राचं ‘नाही’ मात्र शेवटचं असू नये. पेन्शन थांबवण्याआधी कुणीतरी फोन करावा, पत्र पाठवावं, आणि समोर उभ्या असलेल्या माणसाला हयात म्हणून नोंदवायचा अधिकार शाखेत बसलेल्या माणसानं वापरावा. हे सरकारनं ठरवलं तर व्हायला वेळ लागणार नाही.

तोवर आपण करण्यासारखं: पीपीओ नंबर मूळ कागदावरून दोघांनी मिळून तपासा. मोबाइल नंबर चालू, घरातलाच द्या. प्रमाण आयडी वहीत लिहून ठेवा आणि आठवड्याभरानं जीवन प्रमाणच्या वेबसाइटवर जाऊन दाखला स्वीकारला की नाही ते बघा. घरात कुणाला फोन जमत नसेल तर पोस्टमन घरी येऊन डिजिटल दाखला काढतो, 70 रुपयांत. 80 वर्षांवरच्यांनी नोव्हेंबरची वाट पाहू नये. ऑक्टोबरात काही चुकलं तर दुरुस्तीला महिनाभर हातात राहतो.

या ऑक्टोबरातही आईचा दाखला मी चेहऱ्यानंच काढणार आहे. मावशीला कागदच हवाय. तिचा फॉर्म सहीनिशी शाखेत देऊ आणि पोच घेऊनच निघू.